पंधरा टोचे

“मोजजो गा, पंधराच! सोळावा टोचला तं माह्यावाला कान पिळजो.”

घरोघर देवी काढत फिरणाऱ्या आमच्या काकांचं हे ठरलेलं वाक्य. तुमच्या दंडावर तो गोल वण असेल तर हात लावून बघा; तुमचेही टोचे असेच कुणीतरी मोजले असतील. काका नागपुरातले जुने लस टोचणारे, मी नवी नर्स. त्यांच्या खांद्यावरच्या पिशवीत दोन टोकांच्या सुयांची डबी, लशीच्या कुप्या आणि अंगभर देवी आलेल्या बाळाच्या चित्राचं कार्ड. ते कार्ड काका सहसा बाहेर काढत नसत. “भेववून काय करता बाई? मोजाले लावा,” म्हणत. सात-आठनंतर मुद्दाम आकडा चुकवत. मग पोर रडणं विसरून त्यांनाच रागवायचं.

एकदा वाडीकडच्या वस्तीत एका दाराला कडुलिंबाचा डहाळा दिसला. आत मोठ्या मुलीला देवी आल्या होत्या. धाकटं बाळ आईच्या कडेवर, अजून न टोचलेलं. आणखी दोन दिवस गेले तर टोचूनही त्याला देवी येणार, हे आम्हा दोघांना कळत होतं. आई दार अडवून उभी.

“देवी बसली हाये घरात. लोखंड आत आणू नका.”

मी तोंडाची फटकळ. “काका, धरा ते बाळ! पाल्याला भिता की काय?” सगळ्या वस्तीदेखत बोलले.

काकांनी चपला काढल्या, पिशवी अंगणातच ठेवली आणि उंबऱ्याशी बसले.

“माह्याही दाराले पाला होता वं माय,” ते त्या बाईला म्हणाले. “मी गावभर टोचत फिरलो. पण घरी आई म्हणे, देवीले राग येईन, आपल्या पोरीले नको टोचू. आईपुढं मले बोलता नाही आलं. पाच वर्साची होती. पंधरापर्यंत मोजता ये तिले. म्याच शिकवलं होतं.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ती बाई बाळाला घेऊन अंगणात आली आणि त्याची बाही वर केली. “इथं टोचा, दादा. मी मोजते.”

दहापर्यंत तिनं मोजलं, मग बाळाच्या टाळूवर ओठ टेकले. पुढचे पाच काकांनी मोजले, एकही न चुकवता.

महिन्याभरानं गेलो तर ते बाळ अंगणात मातीत रांगत होतं. देवीतून उठलेली त्याची ताई दारात बसून त्याला हाका मारत होती.

काकांची माफी मात्र मी मागितली नाही. उद्या म्हणू, परवा म्हणू, करता करता गावातून देवीच गेली. सुया कचेरीत जमा झाल्या, काका निवृत्त होऊन गावी गेले. ते वारल्याचं पोस्टकार्डावरून कळलं. एकदा जायला हवं होतं हो. बस तर रोज सुटायची.

आता इंजेक्शन एकाच टोच्याचं. तरी मी पोराला सांगते, “मोज.” ते “एक” म्हणतं आणि आईच्या पदरात तोंड लपवतं. मी कापूस दाबून धरते आणि उरलेले चौदा मनातल्या मनात मोजते.