बुटांवर ओतलेलं पाणी

"ए पोरी, पाणी आण. साहेबांचे बूट धू."

शेठ बोलला असं. माझं नाव त्याला माहीत आहे. मी बारावी पास झाली तेव्हा पाड्यावर येऊन त्यानेच माझ्या गळ्यात हार घातलेला. तो फोटो त्याच्या वाढदिवसाच्या बॅनरवर आठ दिवस पडघ्याच्या नाक्यावर लटकत होता. नावासकट. पण त्या दिवशी मी "ए पोरी".

आमच्या पाड्याच्या वरच्या अंगाला धरण आहे. मातीचं. मोठं नाही, पण पावसाळ्यात भरलं की पाणी आमच्या कौलांपेक्षा उंच. म्हणजे आम्ही जेवायला बसतो तेव्हा पाणी आमच्या डोक्यावर असतं. जन्मापासून तसंच, म्हणून कोणाला काही वाटत नाही. त्या धरणाच्या पायथ्याशी, तपासणीला आलेल्या पाटबंधारे खात्याच्या साहेबाचा पाय चिखलात गेला. घोट्यापर्यंत. तपकिरी बूट, चकाचक. बाजूला पंधरा-वीस माणसं, शेठ, शेठची माणसं, दोन गाड्यांचे ड्रायव्हर, सगळे त्या बुटाकडे बघतायत. एकजणही धरणाकडे बघत नव्हता.

मी बादली घेतली. जिथे पाय रुतला तिथूनच पाणी वाहत होतं. तेच भरलं आणि ओतलं.

साहेब ओरडला. "अगं, हे काय? गढूळ पाणी ओततेस? चांगलं पाणी नाही का तुमच्याकडे?"

मी बोलली, "साहेब, हे धरणातूनच येतंय."

बघा, मी हे बोलली. नीट बोलली, मोठ्याने बोलली. सगळ्यांनी ऐकलं. आणि एकाच्याही डोक्यात काही हललं नाही.

"तोंड नको चालवू. घरून आण," शेठ बोलला.

घरून म्हणजे काय, तर आईने हापशावरून डोक्यावर आणलेला हंडा. प्यायचं पाणी. मी धावत गेली, धावत आली. वाकली. बूट धुतले. "लेस पण बघ जरा," मागून कोणीतरी बोललं. लेस पण बांधली. दोन गाठी मारल्या. माझे हात हे सगळं कसं करत होते मला आजपण कळत नाही.

मग साहेबाने विचारलं, "खाली ही वस्ती आहे, त्यांना काही कळवलंय का?"

शेठ हसला. "यांना काय होतंय साहेब! पाड्यावरची माणसं, माशाची जात हाय. बुडत न्हाय."

सगळे हसले.

मी पण हसली. हां. मी पण. बूट धुतले ते लिहायला एवढा त्रास नाही होत. हे लिहायला होतो.

साहेबाने उभ्या उभ्या कागद भरला. शेठने तो ग्रुपवर टाकला म्हणून मी वाचला. "किरकोळ पाझर. धोका नाही. देखभाल समाधानकारक."

आता मागचं सांगते, नाहीतर कळणार नाही.

त्याच्या आठवडाभर आधी धरणाच्या गळतीचा व्हिडिओ मीच टाकलेला. मी वडप्याला गोडाऊनमध्ये कामाला आहे, स्कॅनिंगला. सकाळच्या शिफ्टला जाताना धरणाच्या खालून जाते, तर पायथ्यातून नळासारखी धार. मोबाईल काढला, बारा सेकंदांचा व्हिडिओ, टाकला. संध्याकाळपर्यंत पडघ्याच्या ग्रुपवर, भिवंडीच्या ग्रुपवर, कुठे कुठे. "धरण फुटणार का?" "आमच्या गोडाऊनला धोका आहे का?" गोडाऊनला! पाड्याचं कोणी विचारलं नाही. पण फोन गेले, आणि साहेब येणार हे ठरलं.

धरणाच्या देखभालीचं काम शेठकडे. वर्षानुवर्षं. भरावावरची झाडं तोडायची, निसटलेले दगड परत बसवायचे, पाणी सोडायच्या दरवाज्याला ग्रीस लावायचं. होतं काय, तर बाजूच्या दगडांना चुना मारतात. बस. भरावात उंबर उगवलाय, त्याची मुळं मांडीएवढी. दरवाज्याचं चाक गंजून इतकं बसलंय की चार गडी लटकले तरी हलत नाही. म्हणजे उद्या धरण खाली करायचं म्हटलं तरी करता येणार नाही.

हे सगळं माझ्या बाबाला माहीत होतं. बाबा धरणावर चौकीदार. रोजंदारी. मी जन्मायच्या आधीपासून.

साहेब यायच्या दोन दिवस आधी शेठचा छोटा हत्ती टेम्पो आला. आत पोती. पोत्यात लूमची चिंधी. भिवंडीतल्या कुठल्यातरी कारखान्यातली, साडीचे काठ, रंगीत कापड, धाग्याचे गुंते. "धार बुजवा. वरून माती लिंपा. कोरडं दिसलं पाहिजे." पाड्यावरच्या सहा बायका आणि मी. मी तर सुट्टी टाकून आलेली, कारण व्हिडिओमुळे काहीतरी होतंय असं वाटून मला भारी वाटत होतं.

बाबा एवढंच बोलला, "शेठ, पान्याला कोंडू नका."

"तू गप रे. ड्युटी करायची हाय ना?"

बाबाने मान खाली घातली. मला बाबाचा राग आला. शेठचा नाही, बाबाचा. आम्ही चिंधी कोंबली, काठीने ठासली, माती मळली, त्यात शेण घातलं, हाताने गुळगुळीत केलं. घर सारवतो तसं धरण सारवलं. आई तर बोटांनी नक्षी पण काढायला लागली, सवयीने. आम्ही हसलो. धार बंद. मला वाटलं, बघा, सात बायकांनी धरण वाचवलं.

पाणी दोन दिवस गप्प बसलं. मग दहा पावलं बाजूला निघालं. गवताखालून, आवाज न करता. साहेबाचा पाय गेला तो तिथे. म्हणजे तो चिखल माझ्याच हातचा.

बूट धुतल्याच्या दुसऱ्या दिवशी मी ड्युटीवर. लाईनवर एक खोका आला, खालून ओला. शॅम्पूचा. मी बाजूला ठेवायच्या आत सुपरवायझर ओरडला, "अरे लाइन रोको! लीक है, लीक है! पूरा पॅलेट चेक करो!" पट्टा थांबला. सहा माणसं धावली. एकाने खोका उघडला, एकाने फोटो काढला, एकाने लाल स्टिकर लावलं, एकजण पॅलेटवरचा प्रत्येक खोका उलटा करून बघायला लागला. एका बाटलीचं झाकण सैल होतं.

मी स्कॅनर हातात धरून उभी. पट्टा सुरू झाला तरी तशीच. शॅम्पू गळला तर लाईन थांबते. आमचं धरण गळलं तर बूट धुतात.

"क्या हुआ, तबियत ठीक नहीं?" सुपरवायझरने विचारलं.

"ठीक है," मी बोलली. ठीक नव्हतंच.

शिफ्ट सुटल्यावर सरळ धरणावर गेली. बाबा पायथ्याशी उकिडवा बसलेला. हातात काचेची जुनी सरबताची बाटली. त्यात ते पाझराचं पाणी भरून उन्हाकडे धरून बघत होता. ही बाटली मी लहानपणापासून बघते. मला वाटायचं, बाबाला नाद आहे.

"बाबा, तू त्या दिवशी काय सांगत होतास?"

त्याने बाटली खाली ठेवली. मग बोलला, "मातीचा धरन हाय पोरी. थोडा पाझरनारच. पानी निवल येतंय तवर भ्यायचं न्हाय. गढूल आला की समजायचा, धरनाच्या पोटातली माती चाललीय. आतून पोकल होतंय."

"मग बुजवायचं नाय?"

"बुजवलं तर दुसरीकडून निघंल. वाट द्यायची. आधी वालू, वर बारीक खडी, वर दगड. पानी जाईल, माती र्‍हाईल. जुना मुकादम हाताने दाखवून गेलाय मला."

"आणि हे तू कोणाला बोलला नायस?"

"बोललो एकदा. सायेब बोलला, तू इंजिनेर हायस का?"

मग त्याने चौकीतून वही आणली. बाबाला लिहिता येत नाही फारसं. रोज एक गोल. पाणी निवळ असेल तर रिकामा गोल. गढूळ असेल तर आतून भरलेला. पानंच्या पानं रिकामे गोल. मग मध्ये एखादा काळा. मग पावसाळ्यात चार-पाच काळे. आणि आम्ही धरण सारवलं त्याच्या दोन दिवसांनंतर, कालचा काळा, आजचा काळा. प्रत्येक पानाच्या खाली साहेबाच्या सहीची जागा. कोरी. प्रत्येक पान. इतक्या वर्षांत एकानेही सही केली नव्हती.

आता डोळ्यांसमोर मला त्या बुटाभोवतीच्या पंधरा-वीस माणसांत बाबा पण दिसला. मागे उभा. सगळं कळणारा एकटा माणूस, आणि त्याच्यासमोर त्याची पोरगी बूट धुते. आणि मी राग कोणाचा करत होती? त्याचाच.

पाऊस वाढला. व्हिडिओ अजून फिरत होता, म्हणून आता साहेबाच्या वरच्या मोठ्या मॅडम येणार असं कळलं. लगेच छोटा हत्ती हजर. परत पोती. परत शेठ.

पण या वेळी आम्ही आधी कामाला लागलेलो. दोन दिवस सहा बायका आणि मी ओढ्यातून वाळू आणून धुतली, खडी चाळली, दगड रचून ठेवले. बाबाने ढीग बघितले.

"चला, हात लावा. दुपारी मॅडम येतायत," शेठ बोलला.

कोणी उठलं नाही.

मी बोलली, "शेठ, आम्ही बोळा घालणार नाय."

"मग कोण घालणार? तुझा बाप?"

"माझा बाप पण नाय."

"बारावी झाली म्हणून लय शानी झालीस काय गं? त्याला ड्युटी नकोय वाटतं."

सगळ्यांनी बाबाकडे बघितलं. मी नाही बघितलं, मला भीती वाटत होती. मग पायाजवळ आवाज झाला. बाबाने वाळूचं घमेलं आणून माझ्या पायाशी ठेवलेलं.

गाड्या आल्या तेव्हा माझे हात कोपरापर्यंत मातीत होते. बाबा सांगत होता तसं मी चिंधी ओढत होती, हळूहळू, एकेक. एक हिरवा काठ निघाला, जरीचा. ओढतेय ओढतेय, संपतच नाही. मॅडम बघतायत, साहेब बघतोय, शेठ घाम पुसतोय. काठ संपला आणि मागून गढूळ पाण्याची भसकन धार.

"हे काय चाललंय? कोण आहे ही?" तोच साहेब. बूट या वेळी काळे.

"त्या दिवशी तुमचे बूट धुतले ती," मी बोलली.

मी बाबाची बाटली भरली आणि त्याच्यासमोर धरली. "हे तेच पाणी आहे. गढूळ आहे म्हणून तुम्ही ओरडलात. बरोबर ओरडलात. आता कागदावर पण तेच लिहा."

शेठ बोलला, "मॅडम, डोकं फिरलंय हिचं."

मॅडमने बाटली हातात घेतली. उन्हाकडे धरली, बाबा धरतो तशीच. वही पण चाळली. मला वाटलं, झालं. मॅडम बोलल्या, "बघू. वर कळवते." गाड्या गेल्या. बाटली दगडावर तशीच ठेवलेली होती. वहीवर सही नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाबाला फोन. "उद्यापासून येऊ नको." एवढंच.

आम्ही दोन्ही जागी वाळू, खडी, दगड घातले. तिसऱ्या दिवशी त्या जागी पाणी निवळ आलं. बाबाने रिकामा गोल काढला आणि वही मला दिली. पण यात खूश होण्यासारखं काही नाही. ही पट्टी आहे, इलाज नाही. उंबर तसाच आहे. चाक तसंच आहे. पाणी अजून आमच्या कौलांच्या वर आहे, आणि पाड्यात आता रात्री वीज कडाडली तरी पोरं दचकून उठतात. शेठच्या माणसांनी आमच्या घरी येऊन सांगितलं, पोरीला आवरा. आईने त्यांना पाणी विचारलं नाही. आमच्याकडे पहिल्यांदा असं झालं.

आता मी काय करते ते सांगते. रोज शिफ्टच्या आधी बाटली भरते. गोल काढते. बाटलीवर लेबल लावते, तारीख आणि वेळ. साप्ताहिक सुट्टीला सगळ्या बाटल्या पिशवीत घालून भिवंडीला साहेबाच्या ऑफिसात नेते आणि टेबलावर ओळीने मांडते. पहिल्यांदा तिथला क्लार्क बोलला, "हा कचरा इथे कशाला?" मी बोलली, "पोच द्या." बोलला, "बाहेर थांब." मी खुर्ची ओढली आणि बसली. पोच मिळेपर्यंत उठली नाही. दर वेळी असंच करते. तुमच्यातल्या ज्यांनी ज्यांनी व्हिडिओ पुढे पाठवला ना, त्यांनी पण या. खुर्च्या भरपूर आहेत तिथे.

बूट कोणाचे धुणार नाही. बोळा कोणाचा घालणार नाही. आणि परत कोणी माशाची जात बोललं, तर मी हसणार नाही.

माणसं आहोत आम्ही. बुडतो. लिहा तसं. आणि खाली सही करा.