नऊ दिवसांच्या सह्या

माझ्या अंगावर ओरखडासुद्धा नव्हता, हीच तर सगळी पंचाईत. लातूरच्या एका खाजगी दवाखान्यात मी नर्स. एक म्हातारा पेशंट दगावला, तेव्हा त्याच्या नातेवाइकांनी मला ड्रेसिंगच्या खोलीत कोंडलं आणि अर्धा तास बाहेरून दार बडवत शिव्या घातल्या.

दुसऱ्या दिवशी अहमदपूरहून नेहमीच्या एसटीनं निघाले. लातूरच्या स्टँडवर सगळे उतरले, पण माझे पाय काही उचलेनात. कंडक्टर म्हणाला, "ताई, लातूर आलं की!" मी परतीचं तिकीट मागितलं. पुढं तर घरातूनच पाऊल निघेना. दाराची कडी वाजली तरी मी घामानं भिजायचे. पेशंटला सुई टोचताना "काही होत नाही" म्हणणारी मी! स्वतःचीच चीड यायची.

आमच्या वॉर्डाची एक मायेची खोड होती. एकीला अडचण आली की दुसरीनं तिची ड्युटी ओढायची आणि हजेरीत तिची सहीही ठोकायची. थोरल्या सिस्टरना आम्ही अक्का म्हणायचो. त्यांचा फोन आला, "तू नको घाबरू. मी हाय की. तुझ्या सह्या करून राहिले." इतकं बरं वाटलं, की रडूच आलं.

नवव्या दिवशी नवऱ्यानं नांदेडला मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे नेलं. गावात बोभाटा नको म्हणून एवढ्या लांब. धक्का कामावरच बसलाय, असं त्यांनी लिहून दिलं. भरपाईचा आणि उपचाराच्या रजेचा अर्ज कर म्हणाले. अर्जात 'इजा झालेला अवयव' असा रकाना होता. बराच वेळ पेन धरून बसले, मग 'मन' लिहिलं.

दुसऱ्या दिवशी नवऱ्यानं गाडीवरून लातूरला दवाखान्याच्या ऑफिसात आणून सोडलं. साहेबांनी अर्ज वाचला, मग हजेरी उघडली.

"नऊ दिवस घरी होता म्हणता. इथं तर रोज सही हाय. तुमचीच ना?"

नाही म्हणावं तर अक्कांची नोकरी जाणार, तीही निवृत्तीच्या वर्षात. हो म्हणावं तर मी धडधाकट.

"हाव, माझीच."

त्यांनी अर्जावर आडवी रेघ मारली. "मग उद्या ड्युटीवर या."

बाहेर अक्का वाट बघत होत्या. "झालं का गं काम?"

"झालं."

"बघ! मी सह्या केल्या म्हणून बरं झालं," म्हणत त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला.