गच्चीचं कुलूप

जयपूरला, शास्त्रीनगरात, आमचं बिऱ्हाड सगळ्यात वरच्या मजल्यावर होतं. तळाला रजयांचं दुकान, मध्ये मुलींचा शिवणक्लास, वर आम्ही. उन्हाळ्यात मी गच्चीवर कुरडया घालायची. माकडांसाठी वर जाळी टाकायची, पण शिवणक्लासच्या मुली डब्याच्या सुट्टीत येऊन अर्धवट वाळलेल्या कुरडया मोडून खायच्या. वर हसून विचारायच्या, “आंटीजी, और कब बनाओगी?” मला राग यायचा. त्या कुरडया नागपूरला सासरी पाठवायच्या असत. शेवटी मी गच्चीच्या दाराला कुलूप लावलं.

एका दुपारी मी खातीपुऱ्याला मैत्रिणीकडे गेले होते. इकडे दुकानातल्या कापसाने पेट घेतला. जिना खालून धुराने भरला, म्हणून मुली वर धावल्या. पाच जणी माझ्या कुलपापाशीच सापडल्या. किल्ली माझ्या पर्समध्ये होती.

लोक म्हणतात, आग दुकानात लागली, त्यात तुमचा काय दोष? असली समजूत मला ऐकवत नाही.

अग्निशमनवाल्यांनी दार फोडलं होतं. दोन दिवसांनी मी गच्चीवर गेले. जाळीखाली कुरडया कडक वाळल्या होत्या. एकही मोडलेली नव्हती.