शांत मुलांची शाळा

आमच्या वरच्या मजल्यावर एक मुलगी राहते. तेव्हा ती दुसरीत होती. लिफ्टमध्ये भेटली की हात जोडून "नमस्ते आंटी" म्हणायची आणि मग पाठ भिंतीला लावून, हात मागे धरून उभी राहायची, थेट तळमजला येईपर्यंत. तेवढ्या वेळात माझी साडेचार वर्षांची लेक लिफ्टच्या पंख्याशी, माझ्या पिशवीतल्या दुधी भोपळ्याशी आणि आरशातल्या स्वतःशी बोलून घ्यायची. सोसायटीतली माणसं एकदा तिच्याकडे, एकदा माझ्या लेकीकडे बघत आणि मग माझी कीव केल्यासारखं हसत.

"किती शहाणी मुलगी आहे बघ," सासूबाई म्हणायच्या. "त्या शाळेनंच बनवलंय तिला असं. आपल्या चिमणीला पण तिथेच टाकू. इथे तर दिवसभर हिची बडबड चालूनच राहते, माझं तर डोकं दुखून जातं."

सासूबाईंचं मराठी हे असं. त्यांच्या सासरचे पूर्वज दरबारी कामासाठी माळव्यात आले ते इथलेच होऊन गेले. मी लग्नानंतर साताऱ्याहून आले. पहिलं वर्षभर मला त्यांच्या बोलण्याचं हसू यायचं. आता मी स्वतःच "भाजी बनवते" म्हणते आणि माझी आई फोनवर हसते.

फेब्रुवारीत त्या शाळेचा फलक नानाखेड्याच्या चौकात लागला. नवीन पालकांना शाळेची ओळख करून देण्याचा कार्यक्रम होता. नवरा, सासूबाई, मी आणि लेक असे चौघं गेलो. आमच्या शहरातल्या सिंहस्थाच्या तयारीसाठी रस्ते खणलेले होते. धुळीतून, खडीच्या ढिगांना वळसे घालत आम्ही शाळेच्या फाटकाशी पोचलो. आत मात्र कुठे धुळीचा कण नव्हता. फरशी इतकी स्वच्छ होती की चपला काढाव्यात की काय असं वाटलं.

मुख्याध्यापिका मॅडम पन्नाशीच्या असतील. फिकट रंगाची, कडक इस्त्रीची सुती साडी आणि आवाज इतका मृदू की ऐकण्यासाठी आम्हा सगळ्या पालकांना जवळ सरकावं लागलं. सगळे जवळ आल्यावर त्या म्हणाल्या, "जरा सुनिए."

आम्ही कान दिले. रस्त्यावरचा जेसीबी दूर कुठेतरी घरघरत होता. बाकी काही नाही.

"इस समय बिल्डिंग में सारे बच्चे मौजूद हैं," मॅडम म्हणाल्या.

पालकांमधून कौतुकाची एक लाट गेली. कुणीतरी टाळीसुद्धा वाजवली. माझ्या अंगावर मात्र काटा आला. माझी आई साताऱ्यात शिक्षिका होती. शाळा म्हणजे लांबून ऐकू येणारी गोष्ट, हे मला लहानपणापासून माहीत होतं. शाळा जवळ आली की आधी तिचा गलका यायचा, मग इमारत दिसायची.

आम्हाला एका वर्गात नेलं. एवढी मोठी माणसं एकदम आत शिरली, पण एकाही मुलाची मान वळली नाही. सगळे फळ्याकडे बघत होते. फळ्यावर काहीही लिहिलेलं नव्हतं. पहिल्या बाकावरच्या एका मुलीची पेन्सिल पडली आणि गडगडत माझ्या पायाशी आली. तिनं खाली पाहिलं नाही. फक्त बाकाची कड घट्ट धरली. मी पेन्सिल उचलून तिच्यासमोर ठेवली तेव्हा ती माझ्याकडे न बघताच "थँक यू मॅम" म्हणाली. तिचे ओठ जेमतेम हलले. मागे उभ्या असलेल्या बाई हसऱ्या चेहऱ्यानं आमच्याकडे बघत होत्या.

व्हरांड्याच्या टोकाला एक छोटी खोली होती. दारावर 'शांति कक्ष' अशी पाटी. आत निळा रंग, भिंतींवर पांढरे ढग काढलेले आणि खाली एक गादी. मॅडम म्हणाल्या, "जिस बच्चे का मन चंचल हो, वह खुद यहाँ आकर बैठता है. फिर शांत होकर लौट जाता है."

"व्वा," माझ्या शेजारचे एक गृहस्थ म्हणाले. "घर में भी ऐसा एक कमरा होना चाहिए."

मी दाराकडे बघत होते. कडी बाहेरून होती आणि बरीच वर, माझ्या खांद्याच्याही वर. आतल्या बाजूला काहीच नव्हतं. कडीच्या आजूबाजूचा रंग घासून गेलेला होता. नवी कोरी शाळा, सगळीकडे रंग ताजा, आणि तेवढ्याच जागी लाकूड उघडं पडलेलं.

तेवढ्यात लेक आजीचा हात सोडून आत शिरली.

"आई!" ती ओरडली. "इथे ढग आहेत पण खिडकीच नाहीये!"

तिचा आवाज व्हरांडाभर घुमला. लगेच शेजारच्या वर्गातून बाक सरकल्याचा मोठा आवाज आला. मी वळून पाहिलं. त्या वर्गातली सगळी मुलं एकदम उभी राहिली होती, हात मागे धरून. त्यांना कुणी उठायला सांगितलं नव्हतं. बाईंनी हलकेच "बैठो" म्हटलं आणि ती पुन्हा बसली.

मॅडमनी माझ्या लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. "अभी छोटी है," त्या मला म्हणाल्या. "एक महीने में आप इसे पहचान नहीं पाएँगी."

सगळे हसले. सासूबाई पण हसल्या.

परत येताना टावर चौकात पोहे खायला थांबलो. मी कडीचं बोलले.

"अगं, दाराला कडी असणारच," नवरा म्हणाला.

"बाहेरूनच का मग?"

"लहान मुलं आतून लावून घेतात आणि मग उघडता येत नाही. आपल्याकडे बाथरूमचं झालं होतं ना?"

त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीचं उत्तर होतं आणि प्रत्येक उत्तर बरोबर वाटत होतं. सासूबाई म्हणाल्या, "तू तर शंकाच घेत राहते. लोक तिथे अ‍ॅडमिशनसाठी ओळखी लावून राहिले आहेत." लेक जिलबीशी गप्पा मारत होती. तिच्याकडे बघताना मला मॅडमचं शेवटचं वाक्य आठवलं आणि हातातली पोह्यांची बशी मी खाली ठेवली.

शेवटी नवराच म्हणाला, "एकदा साध्या दिवशी जाऊन ये. मनातलं जाईल तरी."

मी गेले, न कळवता, भर सकाळी. चौकीदारानं मला ओळखलं आणि आत सोडलं. ऑफिसातली मुलगी फोनवर होती. तिनं हातानंच बसायची खूण केली. मी बसले नाही. तीच शांतता, तेच फळ्याकडे बघणारे चेहरे. पाहुणे असोत नसोत, तिथे काही बदलत नव्हतं. मला वाटलं होतं की त्या दिवशीचं सगळं दाखवण्यापुरतं असेल. दाखवण्यापुरतं असतं तर बरं झालं असतं.

निळ्या खोलीचं दार बंद होतं आणि कडी लावलेली होती. आतून काहीच ऐकू येत नव्हतं. मी दाराला कान लावला. मग हात वर केला आणि कडी काढली.

आत अंधार होता. व्हरांड्यातला उजेड आत पडला तेव्हा गादीवर एक मुलगी दिसली. भिंतीकडे तोंड, हात मागे, दोन वेण्या. दार उघडलं तरी ती वळली नाही.

"बेटा?"

"टाइम नहीं हुआ, मॅम," ती भिंतीलाच म्हणाली.

आवाज ओळखीचा होता. आमच्या वरच्या मजल्यावरची मुलगी.

"मैं हूँ. नीचेवाली आंटी."

तेव्हा ती वळली. मला बघून तिला धीर येईल असं मला वाटलं होतं. झालं उलटंच. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"आंटी, बंद कर दो," ती कुजबुजली. "जल्दी. नहीं तो फिर से शुरू होगा."

माझ्या मागे मॅडम येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या कधी आल्या ते कळलंसुद्धा नाही. रागावल्या नाहीत, आवाज चढवला नाही. "आप बहुत भावुक हैं," त्या म्हणाल्या. "इसकी मम्मी से पूछ लीजिए. उन्हें सब पता है."

"मी हे दार लावू देणार नाही," मी म्हटलं. घाबरले की माझं हिंदी जातं.

मॅडमना ते समजलं असावं. त्यांनी मुलीला वर्गात जायची खूण केली. ती उठली आणि भिंतीला खांदा घासत गेली. माझ्याकडे तिनं बघितलंसुद्धा नाही.

दुपारी मी वरच्या मजल्यावर गेले. तिच्या आईनं मला बसवलं, पाणी दिलं. माझ्यापेक्षा वयानं लहानच बाई. नवरा रतलामला नोकरीला, फक्त रविवारी घरी यायचा. मी काय बघितलं ते सांगत होते आणि ती मान हलवत होती. तिच्या चेहऱ्यावर जराही आश्चर्य नव्हतं.

"मुझे मालूम है, दीदी," ती म्हणाली. "पहले कितना रोती थी, चीजें फेंकती थी. मैं अकेली क्या-क्या सँभालती? अब देखिए, घर में है या नहीं, पता ही नहीं चलता."

मग अगदी साध्या आवाजात तिनं सांगितलं, "स्कूल से फोन आया था. आपने दरवाजा खोल दिया, इसलिए उसको दोबारा बैठना पड़ा."

मी जिना उतरून खाली आले. लिफ्टनं यायचं माझ्या मनातच आलं नाही. घरात लेक आजीला कसलीशी लांबलचक गोष्ट सांगत होती. मी सासूबाईंना सगळं सांगितलं. ऐकून त्यांनी लेकीला जवळ ओढलं आणि म्हणाल्या, "नको बाई. राहू दे हिची बडबड."

लेकीला आम्ही माधव नगरमधल्या एका जुन्या शाळेत घातलं. तिथे फरशी फुटकी आहे आणि गलका कोपऱ्यापासूनच ऐकू येतो. पण मला स्वस्थ बसवेना. मी शिक्षण खात्याच्या कार्यालयात जाऊन तक्रार केली. काही दिवसांनी कुणीतरी बघायला गेलं म्हणे. त्या दिवशी निळ्या खोलीत गोष्टींची पुस्तकं मांडलेली होती. तपासणी करून आलेल्या माणसानं मला फोनवर सांगितलं की अशी शाळा त्यानं आजवर पाहिली नाही, आपल्या भाच्यासाठी तो विचारून आला आहे.

वरच्या मजल्यावरच्या बाईनं माझ्याशी बोलणं बंद केलं. मुलगी मात्र लिफ्टमध्ये हात जोडायची. आता "नमस्ते आंटी" असं नुसते ओठ म्हणायचे. मी खाली वाकून "कशी आहेस?" म्हटलं की तिची नजर आधी दाराकडे जायची. पुढे पुढे मी विचारणं सोडलं. न जाणो, त्याचाही हिशोब कुठे होत असेल.

नवरा म्हणायचा, "दुसऱ्याच्या घरातलं आपण काय बोलणार?"

पावसाळ्यात एका संध्याकाळी वीज गेली आणि लिफ्ट मजल्यांच्या मध्येच अडकली. आत माझा नवरा होता आणि ती मुलगी. जनरेटर लावून लिफ्ट खाली आणेपर्यंत बराच वेळ गेला. तो घरात आला तो चपला न काढताच खुर्चीवर बसला. मी पाणी दिलं.

"दिवा गेला ना," तो म्हणाला, "तशी ती लगेच खाली बसली. भिंतीकडे तोंड करून. मी मोबाईलचा उजेड केला, म्हटलं, बेटा, डरो मत, अभी खुलेगा. तर मला म्हणते, अंकल, मैंने आज कुछ नहीं किया."

त्यानं पाण्याचा ग्लास तसाच खाली ठेवला.

"मी तिला परत परत सांगत होतो की लिफ्ट बंद पडली आहे, तू काही केलेलं नाहीस. ती नुसती हो म्हणत होती. दार उघडलं तरी उठली नाही. मी जा म्हटल्यावर उठली."

त्या रविवारी तो पार्किंगमध्ये तिच्या वडिलांपाशी गेला. ते स्कूटर पुसत होते. मी गॅलरीतून बघत होते. नवरा बोलत होता आणि त्यांच्या हातातलं फडकं हळूहळू थांबलं. मग ते स्कूटर तशीच सोडून जिन्यानं वर गेले.

आम्ही या इमारतीत राहायला आल्यापासून वरच्या घरातून कधी आवाज आला नव्हता. त्या दुपारी आला. आधी वडिलांचा, मग आईचा, मग दोघांचा. मुलीचा नाही. मी लेकीला घेऊन खालच्या बागेत जाऊन बसले.

दिवाळीनंतर त्या मुलीचं नाव माधव नगरच्या शाळेत घातलं. तिची आई एकदा दारात येऊन उभी राहिली. आमच्याकडून साखर घेऊन गेली. घरात साखर नव्हती अशातला भाग नसावा.

ती निळ्या खोलीची शाळा जोरात चालू आहे. इमारतीवर नवा मजला चढतोय. जवळून जाताना बांधकामाचे ठोके ऐकू येतात, मुलांचा आवाज नाही. यंदाही नवीन पालकांसाठी फलक लागला. गाड्यांची रांग पार मुख्य रस्त्यापर्यंत गेली होती.

वरची मुलगी आता संध्याकाळी आमच्याकडे येते. पाणी प्यायच्या आधी विचारते, बसायच्या आधी विचारते. शाळेतल्या बाई म्हणतात, वेळ लागेल. परवा आम्ही सगळे खाली चटई टाकून मटार सोलत बसलो होतो. माझ्या लेकीनं नाकात मटाराचा दाणा घालण्याचा प्रयोग केला आणि ती मुलगी हसली, खळखळून, मोठ्यानं. मग एकदम गप्प झाली. हात मागे गेले. आम्हा एकेकाच्या तोंडाकडे ती बघू लागली.

सासूबाईंनी पायानंच मला हलकेच खूण केली. आम्ही कुणीच मान वर केली नाही. मटार सोलत राहिलो.