जर्मनीच्या मालकिणीला मी दिलेला दाखला

माझी धाकटी जर्मनीत शिकायला गेली, मग नोकरीही तिकडेच लागली. होस्टेल सोडायची वेळ आली तरी घर काही मिळेना. तिकडचं सगळं उलटं, बरं का. आपल्याकडे किरायेदार घर बघत फिरतो, तिकडे मालक किरायेदार बघतो. सतरा जण रांगेत, एकाची निवड. पण एकदा घर दिलं की मालकाला त्याला सहजी काढता येत नाही. मी लालबागला आमच्या घरातल्या वरच्या दोन खोल्या किरायानं देते, अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट करून. मला तर हे ऐकूनच घाम फुटला.

शेवटी एका म्हाताऱ्या मालकिणीला ही आवडली. पण तिला आधीच्या घरमालकाचा दाखला पाहिजे. होस्टेलचा नको म्हणे, घराचाच. मुलीनं तिथंच बसून मला व्हिडिओ कॉल लावला.

"आई, आजवर मी तुझ्याच घरात राहिले ना, मग तूच माझी घरमालकीण. नीट बोल. हे घर गेलं तर एक तारखेला मी रस्त्यावर."

"तू फक्त तिला जर्मनमधून सांगत जा. मालकिणीशी कसं बोलायचं ते मला शिकवू नको."

मालकिणीनं विचारलं, किराया वेळेवर देत होती का?

"एक पैसा नाही दिला हो. बावीस वर्षं!"

मुलीनं डोळे वटारले. पण खोटं बोलणं तिला जमत नाही, लाल होत जसंच्या तसं सांगितलं.

आवाज करते का?

"पहिलं वर्षभर आळीला झोपू दिलं नाही."

भिंती?

"पेन्सिलनं रंगवल्या. तीनदा चुना मारला, हत्ती अजून दिसतो."

"मग काढलं का नाही?"

"काढू कशी? अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंटच केलं नव्हतं ना बाई!"

म्हातारी इतकी हसली की चष्मा काढून डोळे पुसायला लागली. म्हणाली, एवढा खरा दाखला मला आजवर कोणी दिला नाही. घर हिचंच.

मी म्हटलं, "आता जरा स्वयंपाकघर तर दाखव."

मुलीनं फोन फिरवला. नुसती भिंत, अन् नळाचं तोंड. आधीचा किरायेदार ओटा, सिंक, कपाटं सगळं उचलून घेऊन गेलेला! तिकडे तशीच पद्धत म्हणे.

"अन् तुम्ही बघत बसलात?" मी मालकिणीवरच ओरडले.

"आई, पुरे! घर मिळालंय!" म्हणत मुलीनं फोन कापला.

सध्या खिडकीत विजेचा कुकर ठेवून खिचडी करते. खुशीत आहे.