बिनतारखेचा कागद

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही.

अंबडच्या एका चारचाकीच्या गॅरेजात मी एकोणीस वर्षं मॅनेजर आहे. माणूस कामावर घेताना त्याच्याकडून दोन कागदांवर सह्या घ्यायच्या, ही आमच्याकडची रीत. एक नेमणुकीचा करार, तीन पानी, इंग्रजीत. दुसरा राजीनामा. त्यावर सही घ्यायची आणि तारखेची जागा मोकळी सोडायची. दोन्ही कागद मालकांच्या ड्रॉवरमध्ये जायचे. सह्या घेण्याचं काम माझं.

आमचे पेंटर घोटीहून यायचे. वयाने माझ्याहून मोठे, सगळे त्यांना मामा म्हणत. सह्या करताना त्यांनी विचारलं होतं, "भाऊ, काय लिवलंय हो यात?"

"काही नाही मामा. सगळ्यांचंच असतं."

"लग्नात बी एवढ्या सह्या केल्या नव्हत्या."

"कागद नव्हता म्हणून तर टिकलं, मामा!" गाडीखालून पोचे काढणारा डेंटर ओरडला. सगळे हसले. मीही हसलो, आणि हसता हसता सही कुठे करायची ते बोटाने दाखवत राहिलो.

पुढे हजेरीला अंगठ्याचं मशीन आलं. मामांचा अंगठा ते घेईना. आयुष्यभर पुट्टी घासून बोटांवरच्या रेषाच गेल्या होत्या. "त्याला मी माणूसच वाटत नाय," मामा म्हणायचे. मग मी त्यांच्यापुरती एक वही केली. रोज सकाळी वेळ लिहायची आणि सही करायची. सही देखणी होती. शेवटच्या अक्षराखालून एक लांब रेघ, गाडीच्या अंगावर पट्टा ओढावा तशी.

गेल्या श्रावणात एका गाडीचा खालचा पत्रा घासताना जॅक सटकला. मामांचा उजवा हात खाली सापडला. दवाखान्यात मीच नेलं. परत आलो तर मालकांनी केबिनमध्ये बोलावलं. ड्रॉवर उघडा होता.

"कालची तारीख टाक. नोकरी सोडलेला माणूस. ओळखीने आला आणि आपल्या मनाने गाडीखाली शिरला."

मामांच्या कागदाखाली माझाच कागद दिसत होता. माझ्याच सहीचा, तारखेची जागा मोकळी. मालकांनी तो मुद्दाम वर काढून ठेवला होता की नाही, मला माहीत नाही. माझ्या शर्टाच्या बाहीला मामांचं रक्त लागलेलं होतं. मी बाही दुमडली आणि तारीख टाकली.

मामांनी भरपाईसाठी दावा लावला. हात तुटला नव्हता, पण बोटं मिटत नव्हती. सुनावणीला मालकांचा साक्षीदार म्हणून मीही होतो. मालकांच्या वकिलाने राजीनामा पुढे केला. मामा गडबडले नाहीत. म्हणाले, "साहेब, मशीन माझा अंगठा घेत नाय. पण भाऊंकडं वही हाय. त्या दिवशी सकाळी सही केलीय मी. इचारा त्यांना." आणि माझ्याकडे पाहिलं, भर गर्दीत ओळखीचं माणूस दिसावं तसं.

"अशी कुठलीही वही नाही," मी म्हणालो.

बाहेर जिन्यात त्यांनी मला गाठलं. वाटलं, आता शिव्या घालतील. घालायला हव्या होत्या. त्यांनी आवाज खाली आणून विचारलं, "हरवली का हो भाऊ?" मला वाईट वाटू नये म्हणून.

मी म्हणालो, "हो."

वही घरी होती, कपाटात स्वेटरांखाली. जाळायची म्हणून दोनदा बाहेर काढली. जाळता आली नाही. नेऊन देताही आली नाही. रोज कामावर जात होतो, नव्या माणसांच्या सह्या घेत होतो. दोन-दोन कागदांवर.

पुढच्या सुनावणीला दाव्याचा निकाल लागेल असं परवा मालकच हसत हसत बोलले. आज रविवार. सकाळी वही पिशवीत घातली आणि घोटीची एसटी धरली.

मामा ओट्यावर बसले होते. वही पुढे ठेवली. "हरवली नव्हती," एवढंच म्हणालो.

त्यांनी डाव्या हाताने पानं उलटली. त्या दिवसाच्या पानावर थांबले. सहीखालच्या रेघेवरून त्यांनी बोट फिरवलं.

"सही बरी व्हती माझी," म्हणाले.

त्यांची मुलगी दारात उभी होती. तिने पाणी विचारलं नाही. आत गेली आणि रेघांचा कागद, पेन घेऊन आली.

"वहीचं काय, मालक म्हणतील खोटी आहे. तुम्ही लिहून द्या, काका. सही कधी घेतली, तारीख कुणी टाकली, सगळं. आणि मराठीत लिहा, बाबांना वाचता येईल असं."

मी लिहिलं. दीड पान झालं. मालकांच्या ड्रॉवरमधला माझा कागद डोळ्यांपुढून हलत नव्हता. माझ्या मुलीचं कॉलेजचं अजून एक वर्ष राहिलंय. या वयात मला कोण ठेवून घेणार? सही केली आणि उठलो.

"तारीख राहिली," ती म्हणाली.

टाकली. मामांनी माझ्या कागदाकडे पाहिलं नाही. ते अजून वहीतच पाहत होते.