रोलरमामांच्या चपला

रोलरमामा रोलरवर चढायच्या आधी चपला काढत. देवळाबाहेर काढाव्यात तशा, बाजूला, जोडीनं नीट लावून. मग अनवाणी पायरी चढत, लोखंडी पत्र्यावर दोन्ही तळवे टेकवत आणि इंजिन सुरू करत. एप्रिल-मेमध्ये तो पत्रा असा तापे की आपण नुसतं बोट लावलं तरी हात मागे घ्यावा. कोणीतरी एकदा दया येऊन तिथे पोतं अंथरलं, तर मामांनी ते उचलून खाली भिरकावलं. आम्ही सगळे म्हणायचो, काय ही मशीनवरची श्रद्धा! मीही हे घरी कौतुकानं सांगत असे. ते किती चुकीचं होतं, ते पुढे कळलं.

मी तेव्हा सिव्हिलचा डिप्लोमा करून एका छोट्या ठेकेदाराकडे सुपरवायझर म्हणून लागले होते. मोठे रस्ते आमच्या वाट्याला येत नसत. सोसायटीच्या फाटकापासून पार्किंगपर्यंतचा रस्ता, बंगल्यापुढची गाडीची वाट, कंपनीच्या आवारातल्या पायवाटा आणि दोन पावसाळ्यांनंतर त्याच कामांचे खड्डे, एवढाच आमचा पसारा. पण दिवस आमचे होते. संगणकाच्या कंपन्या आल्या होत्या, वारज्याकडे शेतांतून इमारती उभ्या राहत होत्या आणि ज्यांच्या दारात काल स्कूटर होती त्यांच्या दारात आज गाडी होती. तिला धुळीतून आणायचं म्हणजे अपमान. त्यामुळे जो तो काळा, गुळगुळीत ‘ड्राइव्हवे’ मागत होता. पेठेत राहणाऱ्या माझ्या आईला यातलं काहीच पटत नसे. माझ्या कपड्यांवरचे डांबराचे डाग ती रॉकेलनं काढायची आणि काढता काढता विचारायची, “शिकून हेच करायचं होतं, तर शिकलीस कशाला?”

डांबराचं काम म्हणजे दिवसभर कोणीतरी पाठीशी लागल्यासारखं असतं. डांबर आणि खडी प्लांटमध्ये एकत्र तापवून ट्रकनं यायची. त्याला आम्ही ‘गरम माल’ म्हणत असू. तो पसरायचा, दंताळ्यानं सारखा करायचा आणि वाफ निघते आहे तोवर त्यावरून रोलर फिरवून दाबायचा. थंड झाला की संपलं, मग वरून हत्ती नाचवला तरी तो दबत नाही. ट्रक रस्त्यात अडकला की मी घड्याळ बघत फाटकापर्यंत खेपा घालायचे. आणि या सगळ्या धावपळीत मामांचं एक वाक्य ठरलेलं असे, “गरमावर उभं राहाचं नाई, म्याडम. चालत राहाचं.” कारण ताज्या गरम थरावर रोलर जरा जरी उभा राहिला, तरी चाकाखाली खोलगट वळ पडतो आणि तो कायमचा राहतो. मामा चहासुद्धा रोलर पुढे-मागे चालवतच पीत. त्यांच्या हातून असा वळ कधी पडला नव्हता आणि ही गोष्ट ते नव्या माणसाला पहिल्या दिवशीच ऐकवत. नम्रपणा हा त्यांचा गुण नव्हे.

मामा वर्ध्याकडचे. बायको गेलेली, मुलगी तिकडेच दिलेली. पुण्यात येऊन केस पिकले तरी बोली तसूभर बदलली नव्हती. बोलायला लागले की समोरच्याला बोलू देत नसत. आपल्या गावची संत्र्याची बाग, पुण्यातल्या लोकांचं मोजूनमापून हसणं, मालकाचं पोट, कुठलाही विषय चालायचा. एका सोसायटीत एक निवृत्त आजोबा काठी टेकत आले आणि त्यांनी विचारलं, “हे पावसाळ्यात टिकणार आहे, की नुसतं आम्हांला दाखवायला आहे?” मामा गंभीरपणे म्हणाले, “जेवून आलो, बावाजी.” सगळे हसले. आजोबांना पुणेरी उत्तराला वऱ्हाडी जोड मिळाल्यासारखं वाटलं असावं. तेही हसत गेले.

मामांच्या टोळीचा आणखी एक रिवाज होता. त्यांना कोणी हाक मारायची नाही, हातानं खूण करायची. तळहात उभा धरला की थांबा. दोन्ही हात छातीकडे ओढले की मागे या. हात पुढे ढकलला की चालत राहा. नवा मजूर ओरडला तर मामा त्याच्याकडे बघतसुद्धा नसत. “इंजिनाच्या आवाजात मानसाचा काय आवाज आयकाचा,” असं म्हणत. मला ती शिस्त फार आवडे. मालकांनाही मी ती सांगितली होती.

मग एक दिवस वारज्यातल्याच एका कामावर मामा पाण्याच्या टाकीपाशी, जमिनीवर उकिडवे बसून चहा पीत होते. त्यांच्या पाठीमागून टँकर मागे येऊ लागला. त्यानं हॉर्न दिला. पुन्हा दिला. मी हाक मारली, आणखी दोघांनी मारली. मामा बशीत फुंकर घालत बसले होते. मी धावत जाऊन त्यांचा दंड धरून ओढलं तेव्हा चहा त्यांच्या सदऱ्यावर सांडला. ते आधी रागावले, मग मागे वळून टँकर बघितला, मग माझं तोंड बघितलं. इंजिन बंद होतं, रोलर लांब उभा होता. आता आवाजाची सबब नव्हती.

मी त्यांच्यासमोर उभी राहून सावकाश विचारलं, मामा, कधीपासून? त्यांनी माझे ओठ वाचले. खूप दिवस झाले म्हणाले. आयुष्यभर त्या धडधडीशेजारी बसून कान गेले होते. आधी एक, मग दुसरा. आणि तेव्हाच त्यांनी मला चपलांचं सांगितलं. “जमिनीवर उभा राहलो त मी बहिरा हाय, म्याडम. वर बसलो का मले सारं आयकू येते. पायानं.” इंजिन कुठे अडतंय, चाकाखाली खडी आली की माती, माल दबला की नाही, हे सगळं त्यांना तळव्यांतून कळत होतं. मध्ये चप्पल आली की तेही बंद.

मला त्यांची कीव आली आणि भीतीही वाटली. रोलरच्या मागेपुढे माणसं काम करत असतात. मी म्हटलं, मला मालकांना सांगावं लागेल. त्यांनी विनवणी केली नाही. ते म्हणाले, “सांगा. पन ज्या दिवशी एकाही मानसाची हाक चुकली, त्या दिवशी तुमाले सांगाची पाळी येनार नाई. मीच उतरन.” पुढे म्हणाले की उतरल्यावर कुठे जायचं ते मात्र त्यांना माहीत नाही. रोलर सोडून त्यांना पुण्यात कोणी नव्हतं, हे खरंच होतं. मी सांगितलं नाही. त्याऐवजी मी त्यांचे कान व्हायचं ठरवलं. कामावर लाल ओढणी घ्यायची, ते रोलर मागे घेतील तेव्हा त्यांना समोर दिसेल अशा जागी उभं राहायचं आणि मागे कोणी आलं की ती हलवायची. तेव्हापासून माझं डांबराकडे कमी आणि त्यांच्या पाठीमागे जास्त लक्ष असे. घरी जेवताना आई बोलत असली तरी माझ्या डोळ्यांसमोर मागे मागे येणारं ते चाकच असायचं.

असे काही महिने गेले. मग एका संगणक कंपनीचं काम आलं. फाटकापासून पोर्चपर्यंत वळणाचा रस्ता, दोन्ही बाजूंना सिमेंटच्या ठोकळ्यांची कड. दुसऱ्या दिवशी परदेशी पाहुणे येणार होते आणि कंपनीचा एक तरुण अधिकारी सकाळपासून मोबाइल हातात घेऊन माझ्यामागे फिरत होता. “मॅडम, टुमॉरो मॉर्निंग क्लायंट येतायत. इट हॅज टु बी परफेक्ट.” मी हो म्हणत होते. शेवटचा ट्रक स्वारगेटच्या चौकात अडकला होता. तो आला तेव्हा ऊन उतरायला लागलं होतं आणि मालाची वाफ मला हवी त्याहून कमी होती. टोळी तुटून पडली. मामांनी रोलर त्या वळणात घातला आणि पुढे-मागे, पुढे-मागे सुरू केलं.

पोर्चजवळ रस्ता अरुंद होता. तिथे सिंधू दंताळ्यानं कड सारखी करत होती. सिंधू मामांच्याच भागातली, टोळीतली जुनी बाई. मामा रोलर मागे घेत होते आणि मी ओढणी घेऊन माझ्या जागी उभी होते. तेवढ्यात तो अधिकारी नेमका माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि त्याच्या साहेबांशी बोला म्हणून मोबाइल पुढे करू लागला. मी त्याला बाजूला सारलं तेव्हा मला दिसलं की सिंधूची पट्ट्याची टायरची चप्पल डांबरात रुतली आहे, ती पाय ओढते आहे, मागे ठोकळ्यांची कड आहे आणि चाक तिच्याकडे येतं आहे.

आम्ही सगळे ओरडलो. मीसुद्धा. रोज हातांनी बोलणारी ती टोळी, एकाचाही हात वर गेला नाही. भीती वाटली की आधी तोंडच उघडतं. मामा समोर बघत शांतपणे मागे येत होते. पोर्चमधले सुटाबुटातले लोक ओरडत होते, फाटकावरचा पहारेकरी ओरडत होता, आणि रोलर येतच होता.

फक्त सिंधू ओरडली नाही. तिनं हातातलं लोखंडी दंताळं चाकाखाली सारलं.

दंताळं मोडलं. वर मामांचे पाय पत्र्यावर टेकलेले होते. त्यांना ते कळलं. त्यांनी रोलर जागच्या जागी रोखला. चाक आणि सिंधूचा गुडघा यांच्यामध्ये हात जाईल एवढी जागा उरली होती.

मामांनी मागे वळून पाहिलं. आमची तोंडं अजून उघडीच होती. त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं, माझ्याकडे सगळ्यांत शेवटी. मग त्यांनी इंजिन बंद केलं. गरम मालावर, रोलर उभा ठेवून. ते खाली उतरले ते तसेच अनवाणी, त्या तापलेल्या डांबरावरून चालत सिंधूपाशी गेले. “लागलं काय व?” सिंधूनं ‘नाही’ म्हणून मान हलवली आणि मग ती मागच्या ठोकळ्यांवर बसून रडायला लागली. मामांनी तिचा पाय सोडवला. मग ते माझ्याकडे आले आणि म्हणाले, “हाक चुकली, म्याडम.”

त्यांनी अधिकाऱ्याच्या हातातल्या मोबाइलकडे बोट दाखवून मला मालकांचा नंबर लावायला सांगितला. पलीकडून मालकांचा आवाज आल्यावर मी मान डोलावली. मामांनी मोबाइल तोंडाशी धरला, कानाशी नेलाच नाही. “मालक, मले आयकू येत नाई. लय दिवसांपासून. आज रोलरवून उतरलो. म्याडमचा काई दोष नाई.” एवढं बोलून त्यांनी मोबाइल मला दिला आणि म्हणाले, “ते काय म्हनतेत ते मले सांगू नका.”

मालकांनी विचारलं, “रोलर कुठे उभा आहे?” मी सांगितलं, गरमावर. “मग आधी तो हलवा,” ते म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता, हे मी मामांना त्या दिवशी सांगायला हवं होतं का, मला अजून कळत नाही. मामा काही पुन्हा वर चढले नाहीत. ट्रकच्या ड्रायव्हरनं कसाबसा रोलर हलवला तोवर खाली चाकाएवढा वळ पडला होता. मी मामांच्या चपला शोधून आणल्या. त्यांच्या तळव्यांना फोड आले होते. त्यांनी चपला पायात घातल्या नाहीत, हातात घेतल्या आणि फाटकाकडे निघून गेले. पाहुण्यांच्या गाड्या दुसऱ्या दिवशी त्या वळावरून गेल्या आणि त्यांच्यापैकी कोणाला काही कळलं असेल असं मला वाटत नाही.

मालकांनी मामांना काढलं नाही. खड्डे बुजवणाऱ्या टोळीत घातलं, तिथे धुम्मस, म्हणजे दांड्याचं जड लोखंड, हातानं आपटून माल ठोकायचा असे, इंजिन नव्हतं. पाय बरे झाल्यावर मामांनी थोडे दिवस ते केलं. कंपनीच्या वळणातला तो वळही त्यांनीच खरवडून, माल भरून, ठोकून बुजवला. मी शेजारी उभी होते. पूर्वीसारखं त्यांचं बोलणं मात्र राहिलं नव्हतं. इतके दिवस समोरच्याचं ऐकायची पाळी येऊ नये म्हणून ते बोलत; आता कोणापासून काही लपवायचं नव्हतं, म्हणून ते गप्प बसत. ती शांतता मला फार जड जाई.

मुलीनं बोलावून घेतलं तेव्हा मी आणि सिंधू त्यांना स्टेशनवर सोडायला गेलो. सिंधूनं भाकरी बांधून दिली होती. खिडकीतून ते आमच्याकडे बघत होते. फलाटावर एवढा कल्लोळ होता की आम्हां दोघींनाही एकमेकींचं बोलणं ऐकू येत नव्हतं, म्हणजे त्या क्षणी आम्ही तिघंही सारखेच होतो. गाडी हलली. मला एकदम रडू फुटलं. काय करावं सुचेना, म्हणून मी दोन्ही हात छातीकडे ओढून खूण केली, मागे या.

मामांनी ती पाहिली. ते हसले. डब्यात बसताना त्यांनी चपला काढून ठेवल्या होत्या, हे मी आधीच पाहिलं होतं. त्यांनी खिडकीच्या गजांतून हात बाहेर काढला आणि पुढे ढकलला. चालत राहा. गाडी वळणावर जाईपर्यंत तो हात तसाच दिसत होता, आणि मी आणि सिंधू तिथेच उभ्या होतो.